धाडस म्हणजे नक्की काय?

सारसोळे गावातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलतोय. मागच्या वेळी आपण गटाचं रजिस्टर कसं लिहायचं ते पाहिलं. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज धाडसाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी थोडं लांब, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीस देशात जायचं आहे. घाबरू नका, परीक्षा नाही.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आमच्या बैठकांत धाडस हा शब्द फार वेळा येतो. बँकेत जायला धाडस पाहिजे, वॉर्ड ऑफिसात बोलायला धाडस पाहिजे, असं आपण म्हणतो. एका बैठकीत एका ताईबद्दल बोलणं निघालं. नवरा पितो, मारतो, आणि ती पंधरा वर्षं तोंडातून शब्द न काढता संसार करतेय. एक मावशी म्हणाल्या, "खरी धाडसी बाई ती. किती सोसलं!" दुसरी तरुण सून पटकन म्हणाली, "धाडस असतं तर तिने सोसलंच नसतं." दोघी आपापल्या जागी बरोबर वाटत होत्या. बैठक संपली तरी वाद संपला नाही. सोसते ती धाडसी, की बोलते ती? हाच प्रश्न ग्रीस देशातल्या माणसांनाही पडला होता आणि त्यांनी तो नीट धसास लावायचा प्रयत्न केला.

ग्रीक लोक चार गुण मोठे मानायचे: शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय. त्यातल्या धैर्याला त्यांचा शब्द होता आंद्रेइया. तो आला पुरुष या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे धैर्य म्हणजे मर्दपणा. आपल्याकडेही तसंच नाही का? शूर बाईला आपण मर्दानी म्हणतो आणि घाबरलेल्या पुरुषाला म्हणतो, बांगड्या भर. शब्दातच ठरवून टाकलंय की धैर्य कुणाचं. पण गंमत अशी, की जेव्हा या लोकांनी धैर्याचा खोलात विचार केला, तेव्हा ते तलवारीपासून हळूहळू आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचलं. कसं ते बघा.

अथेन्स शहरात सॉक्रेटिस नावाचा एक माणूस होता. स्वतः त्याने काही लिहिलं नाही. त्याचा शिष्य प्लेटो याने त्याचे संवाद लिहून ठेवले. त्यातला एक संवाद धैर्यावर आहे, आणि त्याचं नाव लॅकिस. दोन बाप आहेत. त्यांचे स्वतःचे वडील मोठे नामवंत, पण यांच्या हातून काही झालं नाही, म्हणून मनात खंत. निदान मुलांचं तरी नीट व्हावं. मुलांना शस्त्रं चालवायचं शिक्षण द्यावं का, हे विचारायला ते दोन सेनापतींकडे जातात. एकाचं नाव लॅकिस, दुसऱ्याचं निकियास. एक म्हणतो शिकवा, दुसरा म्हणतो उपयोग नाही. आपल्याकडे क्लास लावायचा की नाही यावर घरात चालतं ना, अगदी तसं. मग सॉक्रेटिसला विचारतात, तू सांग, तुझं मत कुणाच्या बाजूला? तो म्हणतो, मतं मोजून हे ठरणार नाही. मुलं धैर्यवान व्हावीत असं वाटतं ना, मग धैर्य म्हणजे काय ते आधी सांगा.

लॅकिस लढवय्या माणूस. त्याला वाटतं, यात काय अवघड? जो आपली जागा सोडत नाही, शत्रूसमोरून पळत नाही, तो धैर्यवान. सॉक्रेटिस विचारतो, मग सिथियन घोडेस्वारांचं काय? ते तर मागे पळता पळता लढतात. स्पार्टाचे सैनिक प्लॅटियाच्या लढाईत आधी मागे हटले, मग उलटून लढले आणि जिंकले. ते भित्रे का? आणि पुढे तो एक मोठी गोष्ट बोलतो. तो म्हणतो, मला फक्त लढाईतलं धैर्य नको. समुद्रावरच्या संकटात, आजारपणात, गरिबीत, राजकारणात, दुःखाच्या आणि मोहाच्या समोर जे टिकतात त्यांचंही धैर्य मला धरायचं आहे. मैत्रिणींनो, इथे धैर्याचं दार आपल्यासाठी उघडलं. वादळात होडी सांभाळणारा कोळी त्यात आला, डायलिसिसला एकटी जाणारी बाई आली, महिनाअखेर घर चालवणारीही आली.

मागे हटणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, याचं उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. महाडचं चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या बरोबरच्या हजारो लोकांनी त्या तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. उलट हात उगारायला माणसं तयार होती, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. हजारो माणसं सत्याग्रहाला तयार होऊन आली होती. पण तळ्यावर जायला कोर्टाची तात्पुरती मनाई आली. आता काय करायचं? बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलायला लोकांना राजी केलं. मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात लावला नाही. पेटलेल्या माणसांना थांबा म्हणणं सोपं नसतं. भित्रा म्हणून शिक्का बसायची भीती असते. लढाई तळ्यावरून कोर्टात गेली, दहा वर्षं चालली आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूने लागला. जागा सोडली होती, हक्क सोडला नव्हता.

खुद्द सॉक्रेटिसचीही अशी आठवण सांगतात. डेलियम नावाच्या ठिकाणी अथेन्सचं सैन्य हरलं आणि पळत सुटलं. सॉक्रेटिसही माघारी येत होता, पण शांतपणे, चारी बाजूंना नजर ठेवून. लॅकिस त्याच्या बरोबर होता. तो म्हणतो, बाकीचे याच्यासारखे वागले असते तर आपली नामुष्की झाली नसती. म्हणजे बघा, माघार घेतानाही माणसाचं धैर्य दिसतं.

आता लॅकिसचं दुसरं उत्तर ऐका, कारण आपल्या मावशींचं उत्तर तेच होतं. तो म्हणतो, धैर्य म्हणजे मनाची सहनशक्ती. सॉक्रेटिस विचारतो, कुठलीही सहनशक्ती? शहाणपणाची आणि मूर्खपणाची दोन्ही? लॅकिस म्हणतो, नाही नाही, शहाणपणाचीच. मग ते शहाणपण कशातलं, यावर गाडी अडते. पण आपल्याला एक उपयोगाचा प्रश्न मिळाला: सोसायचं ते कशासाठी?

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाचा संप आठवा. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची शेती करायला नकार दिला. राबायचं कुळांनी आणि धान्य जायचं खोताच्या घरी, हे त्यांना मान्य नव्हतं. हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षं चालला. सहा पावसाळे शेतं ओस राहिली. शेत ओस म्हणजे घरातली कणगी रिकामी. लोकांनी मोलमजुरी केली, लाकूडफाटा विकला, पण शेतात पाय टाकला नाही. इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात. पण सहा वर्षं रोज संध्याकाळी पोरांपुढे काय वाढायचं, हा प्रश्न कुणी सोडवला? बायकांनी. ती सहनशक्ती धैर्यच होती, कारण ती कशासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे १९३९ चा कूळ कायदा आला, त्यामागे या संपाचा मोठा वाटा आहे.

आता मार खाणाऱ्या आपल्या त्या ताईकडे येऊ. तिने पंधरा वर्षं सोसलं, पोरं शिकवली. तिची ताकद कमी आहे असं म्हणायची आमची हिंमत नाही. पण चरीच्या लोकांचं सोसणं अन्याय संपवण्यासाठी होतं. ताईच्या सोसण्याने अन्याय चालू राहतो, आणि घरातला मुलगा बघून शिकतो की बाईला मारलं तर चालतं. ताकद तिच्यात आहेच, फक्त ती चुकीच्या बाजूला खर्च होतेय. म्हणून आम्ही गटात ठरवलं, कुणाच्या सोसण्याची आरती करायची नाही. तिला विचारायचं, ताई, तुला यातून काय हवंय? आणि ती सांगेल त्यात तिच्या बाजूला उभं राहायचं. अशा वेळी घरातून निघून माहेरी जाणं हेही धैर्य असू शकतं, आणि त्याच घरात हक्काने राहून दाद मागणं हेही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी असतात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि जिवावर बेतलं तर ११२.

संवादातलं तिसरं उत्तर निकियासचं. तो म्हणतो, कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, हे कळणं म्हणजे धैर्य. आम्हाला हे उत्तर फार जवळचं वाटतं, कारण आमचं अर्धं काम तेच आहे.

एक उदाहरण सांगतो. गटातल्या एका वहिनीने बाहेरच्या एका कंपनीकडून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं होतं. दोन हप्ते थकले. वसुलीचा माणूस रात्री आठला दारात येऊन मोठमोठ्याने बोलायचा, शेजारपाजार जमायचा. वहिनी लाजेने पलंगाखाली लपायची. तिला वाटायचं, पोलीस धरून नेतील. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आम्ही तिला वाचून दाखवला. अशा कर्जाच्या वसुलीत शिवीगाळ, धमकी चालत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करणं चालत नाही. पुढच्या वेळी तो आला तेव्हा वहिनी दारात उभी राहिली. मागे आम्ही चौघी होतो. ती म्हणाली, "दादा, पैसे देणार आहे. पण वेळेत या आणि आवाज खाली ठेवून बोला." पाय कापत होते तिचे, पण बोलली. वहिनी एका रात्रीत बदलली नव्हती, तिला फक्त माहिती मिळाली होती. वसुलीवाल्याची भीती कमी झाली, आणि त्याच वेळी दुसरी, खरी भीती तिला कळली: एक कर्ज फेडायला दुसरं काढण्याची. ती भीती बाळगायलाच हवी. तिथे "बघू, होईल काहीतरी" म्हणणं हे धाडस नव्हे.

निकियासचं पुढे काय झालं तेही ऐका. इसवी सन पूर्व ४१३ मध्ये तो सिसिली बेटावर अथेन्सच्या सैन्याचा सेनापती होता. मोहीम फसली होती, लगेच निघायला हवं होतं. नेमकं चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषांचं ऐकून त्याने निघणं लांबवलं. तेवढ्यात शत्रूने वाट बंद केली. सगळं सैन्य गेलं, निकियासही मारला गेला. कशाला भ्यायचं हे कळणं म्हणजे धैर्य, असं ज्याच्या तोंडी आहे, तोच ग्रहणाला भ्याला. आपल्याकडे ग्रहणात पोटुशी बाई उपाशी बसवतात, तेव्हा आम्हाला हा सेनापती आठवतो. नुसतं बोलण्यापुरतं ज्ञान वेळेला कामी येत नाही.

मग ते अंगात कसं भिनायचं? याचं उत्तर प्लेटोच्या शिष्याने, अ‍ॅरिस्टॉटलने दिलं. तो म्हणतो, घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसंच धैर्याची कामं करून करून धैर्यवान होतो. आधी धैर्य येईल आणि मग मी बोलेन, असं होत नाही. गटात आम्ही हे डोळ्यांनी पाहतो. पहिल्या महिन्यात बाई नाव सांगताना पदर तोंडात धरते. मग हजेरी घेते, मग ठराव वाचते, मग बँकेत मॅनेजरसमोर खुर्चीवर बसते. एकेक पायरी आहे.

अ‍ॅरिस्टॉटल आणखी सांगतो की धैर्यवान माणसालाही भीती वाटते. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही तो धैर्यवान नसून बेफाम. एका टोकाला भित्रेपणा, दुसऱ्या टोकाला बेफामपणा, आणि मधे धैर्य. रेल्वेचे रूळ ओलांडणारा पोरगा शूर नाही.

धैर्यासारखी दिसणारी पण धैर्य नसलेली पाच रूपंही तो सांगतो. लोक काय म्हणतील म्हणून केलेलं, सवयीमुळे सोपं झालेलं, रागाच्या भरात केलेलं, आपलंच जमणार या भरवशावर केलेलं, आणि धोका माहीतच नसल्यामुळे केलेलं. रागाचं बघा. भांडणात आपण नळावर काय काय बोलतो! राग उतरला की तीच बाई लेखी अर्जावर सही करायला तयार नसते. आणि न वाचता जामीनदार म्हणून सही करणारी? ती धाडसी नाही, तिला धोका माहीत नाही. लोकलाजेला मात्र अ‍ॅरिस्टॉटल या पाचांत सगळ्यात वरचं स्थान देतो, खऱ्या धैर्याच्या सगळ्यात जवळचं. गटातल्या दहा जणींसमोर मान खाली जाऊ नये म्हणून एखादी हप्ता भरते, पहिल्यांदा बोलते. चालेल. सुरुवात तिथून झाली तरी हरकत नाही.

पण या अ‍ॅरिस्टॉटलची एक गोष्ट आम्हाला अजिबात पटत नाही. तो लिहितो, पुरुषाचं धैर्य हुकूम देण्यात आणि बाईचं धैर्य हुकूम पाळण्यात. एवढा हुशार माणूस, पण घराच्या उंबऱ्यावर अडखळला. त्याचा गुरू प्लेटो निदान एवढं तरी म्हणाला की राज्याचं रक्षण करायला लायक बायकाही असतात, त्यांना पुरुषांसारखंच शिक्षण द्या. प्लेटोचा एक दाखला आम्हाला फार आवडतो. रंगारी लोकर रंगवतात तेव्हा आधी ती पांढरी निवडतात, नीट तयार करतात, मग रंग देतात. तो रंग कितीही धुतला तरी जात नाही. तयारी न करता दिलेला रंग पहिल्या धुण्यात उतरतो. धैर्य म्हणजे असा पक्का रंग: काय बरोबर हे एकदा मनात भिनलं, की सुख, दुःख, भीती, मोह, कशानेही न उतरणारा.

सावित्रीबाई फुल्यांवर लोकांनी शेण आणि चिखल फेकला. त्या शाळेत बदलायला दुसरं लुगडं बरोबर नेत. ती केवढी मोठी तयारी होती! उद्या पुन्हा शेण पडणार हे माहीत आहे, आणि उद्या पुन्हा शाळेत जायचंच आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. जवळपास पन्नास वर्षांत त्यांचा रंग उतरला नाही.

शेवटची गोष्ट. धैर्य एकटं पुरत नाही, त्याला न्यायाची जोड लागते. नाहीतर दरोडेखोरही शूर म्हणायचा. अथेन्समध्ये जुलमी तीस जणांची सत्ता आली तेव्हा त्यांनी सॉक्रेटिसला आणखी चौघांबरोबर हुकूम दिला, लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणा, त्याला मारायचं आहे. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ घरी गेला. त्यासाठी त्याचा जीव जाऊ शकला असता. त्याने तलवार उपसली नाही, भाषण केलं नाही. फक्त चुकीच्या कामाला हात लावला नाही. एवढं तर आपणही करू शकतो. खोट्या ठरावावर सही मागितली, तर सही न करणं. सुनेला त्रास द्यायला सगळं घर एक झालं, तर त्यात सामील न होणं.

आणि आपल्या या नवी मुंबईची जमीन? शहर वसवायला ९५ गावांची जमीन घेतली गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आज आपण साडेबारा टक्के हा शब्द सहज बोलतो. तो त्या लोकांच्या धैर्यातून आलाय. मोर्च्यात गावोगावच्या बायकाही होत्या. घरात कुणी आजी असेल तर विचारा, ती सांगेल.

लॅकिस संवादाच्या शेवटी धैर्याची पक्की व्याख्या कुणालाच सापडत नाही. सॉक्रेटिस म्हणतो, आपल्या सगळ्यांनाच पुन्हा शिकायला हवं, मलाही. आणि ठरतं की उद्या सकाळी पुन्हा भेटायचं. अगदी आपल्या बैठकीसारखं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा आणि तीन प्रश्न विचारा. मी काय सोसतेय आणि ते कशासाठी? मला ज्याची भीती वाटते ती खरी आहे की माहिती नसल्यामुळे आहे? आणि या महिन्यात मी एक छोटी पायरी कोणती चढणार? कुणी गप्प राहिली तर राहू द्या, जबरदस्ती नको. पुढच्या महिन्यात बोलेल. आणि जी बोलेल तिच्या मागे चौघी उभ्या राहा. एकटीचं धैर्य लवकर थकतं.

पुढच्या भागात साडेबारा टक्क्यांच्या कागदपत्रांत बायकांची नावं लावण्याबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार.